साडेसहावाल्याची वाटणी

मी, खाली सही करणारा, इंजिनं उघडण्यात आणि मिटण्यात हयात घालवलेला गृहस्थ, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या दडपणाखाली न येता व कुणाच्याही भूलथापांना बळी न पडता, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचं काय करायचं ते लिहून ठेवत आहे. 'भूलथापांना बळी न पडता' हे शब्द वकिलांचे. ते वाचून मला इतकं हसू आलं की ठसका लागला. का, ते कलम तीनमध्ये कळेल.

माझं हृदय गेल्या वर्षापासून कुरकुर करतं. म्हणून ही, म्हणजे माझी पत्नी, रोज सकाळी आमच्या जुन्या स्टॉपवॉचवर माझी नाडी मोजते आणि 'बहात्तर. छान,' असं सांगते. तेव्हा मी तब्येत ठणठणीत असताना लिहितो आहे असं समजावं. घाई एवढ्यासाठीच की रविवारी मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही.

कलम १. गॅरेजवरचं राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक हिला. हे कलम मी आधीच लिहिलं होतं. सोमवारी खोडलं. काल परत लिहिलं. वकील म्हणाले खाडाखोड चालणार नाही, म्हणून हा नवा कागद.

कलम २. लेथ, वेल्डिंगचा संच आणि भिंतीवरची सगळी हत्यारं थोरल्या मिस्त्रीला. त्यानं तेराचा पाना कुणाला उसना देऊ नये. दिलेला तेराचा पाना परत आल्याचं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

कलम ३. गाडी. लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. मी ती भंगारातून आणली आणि तिला टर्बो स्वतःच्या हातांनी बसवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची. हवेचा दाब किती, ते एका स्क्रूवर ठरतं. पिळाल तसा जोर वाढतो. फार पिळाल तर इंजिनाचे तुकडे बॉनेट फोडून बाहेर येतात.

टर्बो बसवला की मोजणं आलं. कागदावरच्या आकड्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. साधा रस्ता, अर्धी टाकी, आत दोन माणसं, आणि उभी गाडी शंभरच्या वेगाला किती सेकंदांत पोचते, ते खरं. या गाडीचा वेगाचा काटा डॅशबोर्डच्या मधोमध आहे, त्यामुळे आम्ही कामं वाटून घेतली होती. रस्ता माझा, काटा आणि घड्याळ हिचं. काटा शंभरावर आला की हिनं बटण दाबायचं आणि ओरडायचं, 'झालं!' की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा.

सुरुवातीचे आकडे अगदीच पडेल होते. मी स्क्रू पिळत गेलो. एका संध्याकाळी ही 'झालं!' म्हणाली आणि घड्याळात साडेसहा सेकंद. मी भर रस्त्यात गाडी थांबवून हिला मिठी मारली. गॅरेजवर येऊन तो स्क्रू आहे तिथंच वेल्ड करून टाकला, पुन्हा कुणी हात लावायला नको. तेव्हापासून मी गावभर साडेसहावाला. गॅरेजच्या पाटीवरही तेच.

रविवारी लेक आली. ती मोजमापाची यंत्रं तपासण्याचं काम करते. काचेवर चिकटवायची एक डबी तिनं आणली होती, उपग्रहावरून वेग मोजणारी.

"बाबा, एकदा जाताना घ्यायचं, एकदा येताना. म्हणजे चढ-उतार, वारा, सगळं फिटतं."

जाताना नऊ सेकंद आणि वर चिल्लर. येतानाही तेच. डबी बिघडली असणार म्हणून मी ती लेकीच्या गाडीवर लावायला लावली. तिथं आकडा चोख आला. दुपारभर मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. पाइप, पंखा, हवेचा दाब, सगळं जिथल्या तिथं. संध्याकाळी ही चहा घेऊन खाली आली.

"अहो, काय शोधताय एवढं?"

"अडीच सेकंद हरवलेत."

"ते गाडीत नाही सापडायचे," ही म्हणाली. "मी बटण आधी दाबलं होतं."

माझ्या हातातला पाना खाली पडला. लेक "आई!" म्हणाली.

"किती आधी?"

"काटा ऐंशीच्या पुढं सरकला तेव्हा."

"अगं पण का?"

"इंजिन खडखडत होतं. टर्बोच्या त्या शिट्टीपुढं तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आणि तुम्ही काही तो स्क्रू सोडत नव्हता. माझं ऐकलं असतं का तुम्ही? म्हटलं, घड्याळाचं तरी ऐकतील." मग हनुवटीनं लेकीकडे खूण करून म्हणाली, "ही पोटात होती तेव्हा."

जिनं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून इतकी वर्षं तिथंच बसवून ठेवलं, ती रोज माझ्या शेजारी झोपते. सोमवारी मी हिच्याशी एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी थोरल्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं. एका पिस्टनच्या कडेला केसासारखी जुनी चीर निघाली. "आणखी अर्धा फेरा पिळला असता ना शेठ, तर खेळ खलास होता," तो म्हणाला. दोन सीटच्या त्या गाडीत आम्ही तिघं होतो.

गाडी लेकीला. पिस्टन बदलावा. वेल्ड तोडू नये.

कलम ४. हिचा भाऊ, कार्बोरेटरवाला. साडेसहाचा आकडा ऐकून त्यानं तेव्हा भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर मला विचारलं होतं, "भावोजी, घड्याळ कुणाच्या हातात होतं?" माझ्या बायकोला खोटं ठरवतो म्हणून मी त्याला हाताला धरून बाहेर काढला. तो बरोबर होता, हे मला अजून पचत नाही. नट किती घट्ट बसला ते दाखवणारा माझा भारीतला पाना त्याला द्यावा. लेकीनं स्वतः जाऊन द्यावा आणि म्हणावं, "मामा, बाबांनी उत्तर पाठवलंय. आईच्या हातात होतं."

कलम ५. पाटी. ती खरवडून 'नऊ' लिहावं असं मी काल म्हणालो. ही म्हणाली, "नऊ वाचून दारात कोण येणार?" पाटी आहे तशी राहू द्यावी.

इथवर लिहून झालं आणि साक्षीदार आले, समोरचा शिंपी आणि आमचे डॉक्टर. हिला साक्षीदार होता येत नाही, कारण घर हिला जातंय. माझी प्रकृती बरी असल्याचं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "वहिनी, मिनिट लावा." हिनं स्टॉपवॉच काढलं. मी पांघरूण घेऊन खाटेवर, आणि समोर भिंतीवरचं घड्याळ. हिनं बटण दाबलं तेव्हा सेकंदकाटा बारावर होता. तो नवापाशी आला आणि ही म्हणाली, "झालं!"

डॉक्टरांच्या मनगटावर त्यांचं घड्याळ होतं. त्यांनी त्याकडे बघितलं नाही.

"बहात्तर," ते म्हणाले.

"छान," ही म्हणाली. हिचा अंगठा अजून बटणावरच होता.

रोज सकाळी हेच घड्याळ, हाच अंगठा. हिशेब मला येतो, पण मी तो केला नाही. जित्याची खोड जात नाही म्हणतात, ती हिची आणि माझीही: हिनं 'झालं' म्हटलं आणि पांघरुणाखाली माझा उजवा पाय आपोआप सैल पडला.

कलम ६. हे आत्ता घालतो आहे. स्टॉपवॉच हिचं. ते हिच्या हातून कुणी घेऊ नये, डॉक्टरांनी नाही आणि लेकीच्या डबीनं तर नाहीच. माझी वेळ भरेल तेव्हा यंत्रं काय आकडा सांगतील तो सांगोत. 'झालं' हिनंच म्हणावं. तोवर मी पाय उचलणार नाही.

सही : साडेसहावाला

साक्षीदार १ : समोरचा शिंपी (सही)
साक्षीदार २ : डॉक्टर (सही)

स्थळ : गॅरेजवरची पुढची खोली
वार : बुधवार, दिवे लागायच्या आधी. तारीख वकिलांनी घालावी. आजच्या दिवसात माझ्या हातून आणखी एक आकडा लिहवत नाही.