वेंगुर्ल्याची लेक

मॅडम, तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी हे मी मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं तर पहिल्या ओळीपासून तुमचं लाल पेन दिसत राहील. आखातातल्या अल ऐनच्या त्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापिका होतात आणि मी नवीन होते, तेव्हा वर्गातल्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर ‘गुड’ असा शेरा मारून गठ्ठा तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही तो तसाच परत केलात. “मिस, ‘गुड’ आपण कुत्र्याला म्हणतो. ही मुलं आहेत. तुम्हाला त्यांच्यात काही दिसलं असेल तर ते लिहा.” मी कोल्हापुरात एम. ए., बी. एड. केलेली, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. तुमचं मात्र ऐकलं. गठ्ठा घरी नेला आणि सगळं पुन्हा लिहिलं. आता माझ्या हाताखालच्या शिक्षिका मला मागे खडूस म्हणतात. म्हणू देत.

तुम्ही जन्माने कोलंबोच्या, पण कुणी विचारलं की मान ताठ करून म्हणायचात, “आम्ही डच.” डच कंपनीच्या चाकरीत लंकेला आलेला कुणी शिपाई तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष होता. त्याचं गाव शोधायचा तुम्ही ध्यास घेतला होतात. स्टाफरूममध्ये केरळचे गणिताचे सर म्हणायचे, “मॅडमचं हॉलंड आमच्या कोझिकोडच्या जरा खाली आहे.” एकदा तुम्ही दारातच उभ्या होतात. “हो सर, आणि आमच्या हॉलंडमध्ये शिक्षक घंटेच्या आधी वर्गात असतात. यल्ला, चला.” सगळे हसले, सर वर्गावर पळाले. पण तुमच्या स्वयंपाकघरात, तुम्ही रव्याचा, काजू घातलेला केक कापत असताना, खरं कारण मला कळलं. साठी जवळ आली होती. साठ झाली की इथला व्हिसा खलास. कोलंबोचं घर विकलेलं, भाऊ ऑस्ट्रेलियात. “इथून जो तो घरी जातो, मिस. मला कुठे जायचं ते आधी शोधावं लागणार.” सुरी बाजूला ठेवून तुम्ही मला मोठा तुकडा दिलात आणि विषय बदललात.

तुमची चुलतबहीण कोलंबोत जुन्या चर्चची दप्तरं पाहत होती. तिचा फोन आला त्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात बोलावता आणि दार लावून घेता. मला वाटतं, पुन्हा काही चुकलं. तुम्ही विचारता, “वेंगुर्ला कुठे आहे?” मी सांगते, कोकणात, समुद्रावर, माझं माहेर. तिथे वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार होती, तिच्या पडक्या भिंती मी लहानपणी पाहिल्यात. तुम्ही खुर्चीत बसता. शिपायाचं गाव सापडलेलंच नसतं. त्याची बायको सापडलेली असते. वेंगुर्ल्याहून विकत आणलेली मुलगी. आधी विकत घेतली, मग बाप्तिस्मा दिला, मग लग्न लावलं. बाप्तिस्म्याच्या नावापुढे नुसतं ‘वेंगुर्ल्याची’ असं लिहिलेलं. “तिचं खरं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही,” तुम्ही म्हणालात. “आणि मी आयुष्यभर त्याला शोधत होते.” तुमच्या आवाजात राग होता, आणि तो तुमचा स्वतःवरच होता. मला सांत्वन करता येत नाही. मी म्हटलं, “सुट्टीत माझ्याबरोबर चला.”

शुक्रवारी मी आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हणजे ता आमच्याच गावचा चेडू. घेवन ये तिका. माहेराक येवक आमंत्रण कित्याक व्हया?” मी म्हटलं, आई, त्या ख्रिस्ती आहेत, लग्नही केलेलं नाही. “असांदेत. चेडवाची ओटी भरतत. नारळ सगळ्यांका सारकोच.” मी तुम्हाला ओटी म्हणजे काय ते समजावलं: माहेरी आलेल्या लेकीच्या पदरात नारळ, तांदूळ, खण घालतात, रिकाम्या पदराने तिला पाठवत नाहीत. तुम्ही फ्रॉकची कड चिमटीत धरून पाहिलीत. मग म्हणालात, “पण माझ्या फ्रॉकला पदर कुठे आहे?” म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात मी तुम्हाला साडी नेसवायला लागले. तुम्ही निऱ्या पायात अडकवून घेत होतात, हसत होतात. “मिस, यात तुम्ही मुलांच्या मागे धावता कशा?” मी दरडावलं, “हलू नका.” तुम्ही खरंच हलला नाहीत. तुमच्यावर आवाज चढवलेली मी बहुधा पहिलीच. तिकिटं काढून झाली होती.

परीक्षा संपायच्या आत तुमच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मल्याळी नर्सने अडवलं. “सिर्फ घरवाले. आप इनकी कौन?” मी म्हटलं, “मायके से हूँ.” तिने मला आत सोडलं. तुम्ही डोळे उघडले नाहीत. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. तुमचा भाऊ आला, सभ्य माणूस, आणि तुम्हाला मेलबर्नला नेणार म्हणाला. तिथे तुम्ही एकदाही राहिल्या नव्हतात. मी कोण त्याला अडवणार? आईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, “बाईमाणसाचा शेवटचा वस्त्र माहेराचा लागता. आणि ता कोरा व्हया.” मी गाडी काढली, बर दुबईला गेले, मीना बाजारात हिरवी सुती साडी घेतली आणि थेट शवागारावर आले. तुमचा भाऊ म्हणाला, “तिने जन्मात साडी नेसली नाही.” मी म्हटलं, “माहीत आहे.” यापेक्षा जास्त मला इंग्रजीत सांगता आलं नसतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. साडी मी तुमच्या फ्रॉकवरून पायापर्यंत पसरली. पदर सरळ केला. मग शवागारातल्या माणसांनी शवपेटीचं झाकण लावलं.

त्या सुट्टीत मी एकटीच वेंगुर्ल्याला गेले. आता आईही नाही, आणि पुढच्या वर्षी माझाही व्हिसा संपेल. मुलगी म्हणते, “मम्मा, जस्ट कम टू टोरांटो.” मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्या भावाचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे त्याला वाचता येणार नाही, आणि इंग्रजीत करून पाठवायचं माझ्या मनात नाही. एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्या वेळी आईने मला विचारलं होतं, माहेरचं कुणीतरी तिच्यासाठी रडलं ना? मी हो म्हणाले. तेव्हा ते खरं नव्हतं.