ताईच्या न्हाणीघरातलं कपाट

४ जून
न्हाणीघरातल्या कपाटाचं दार आज उघडेचना. प्लायवूड ते—भिजलेल्या पावासारखं फुगलंय. ताई वीस तारखेला येणार, खुब्याचं ऑपरेशन झालेली. उठता-बसता धरायला भक्कम काहीतरी हवंच.

तीन महिने राहीन म्हणते. मला ती कायमची हवी आहे. पण बावन्न वर्षं नन असलेल्या बहिणीला ‘कॉन्व्हेंट सोडून माझ्याकडे ये’ असं कुठल्या तोंडाने म्हणू? घरच असं नीट करायचं, की तिचाच पाय निघू नये.

६ जून
कैजागे सुतार आला. माझा जुना विद्यार्थी—आता टक्कल पडलंय! लाकूड म्वुलेचं ठरलं, इथलं सागासारखं दणकट. वरून काय लावायचं? मी म्हटलं, मेण. शाळेच्या चॅपलमधले बाक आम्ही मुली दर शनिवारी मेणाने घासायचो. संध्याकाळपर्यंत हातांना मधाचा वास. ताई स्वतःचा बाक संपवून गुपचूप माझाही घासायची.

“मेण? बाई, इथे आंघोळ करायचीय, प्रार्थना नाही!”

दटावलं त्याला. पण हसू आलंच.

९ जून
त्याने नमुन्याचे चार तुकडे आणले. मेण, लाखेचं पॉलिश, जवसाचं तेल, पीयू वार्निश. खिडकीत मांडून प्रत्येकावर एकेक ओला पेला ठेवून गेला.

१० जून
मेणावर पांढरं कडं. लाखेवर त्याहून पांढरं. तेलावर काळपट डाग. वार्निशवर काही म्हणता काही नाही!

ठरलं, वार्निश. मेणाचा तुकडा मी ठेवून घेतला. उगाच.

१७ जून
कपाट बसवलं. कैजागे म्हणतो, वार्निशचे तीन हात लागतील; या सरोवराकाठच्या दमट हवेत एकेक हात वाळायला दोन दिवस द्या.

“दोन दिवसांत तीनही हात दे.”

“बाई, घाईने बेरीज चुकते, हे तुम्हीच शिकवलंत.”

“तू सावकाश करूनही चुकायचास!”

दिले बिचाऱ्याने.

२० जून
ताई आली. किती वाळली आहे! हातात काठी. मोठ्या तोऱ्यात तिला न्हाणीघर दाखवायला नेलं. तिने कपाटाला हात टेकला—आणि तो चिकटला. पाचही बोटं उठली वार्निशवर.

“डोमी, मला इथे चिकटवूनच ठेवायचा बेत आहे का गं?”

मला हसता आलं नाही. चहाचं निमित्त करून आत गेले.

२१ जून
कैजागेने नखाने खरवडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चारही नमुने त्याने पाइनच्या तुकड्यांवर केले होते! म्वुलेच्या अंगातच तेल असतं. आधी थिनरने पुसलं नाही, तर त्यावर वार्निश वाळत नाही.

“अभ्यास एकाचा, परीक्षा दुसऱ्याची,” ताई खुर्चीतून म्हणाली. “डोमीचाच विद्यार्थी शोभतोस.”

दिवसभर दोघांनी मिळून सगळं खरवडलं—त्याने हाताने, ताईने तोंडाने.

२५ जून
आता थिनरने पुसून, पातळ पातळ हात चाललेत. माझ्या तोंडून घाईचा शब्द नाही. तळ, पाठ, कापलेल्या कडा, सगळीकडे ब्रश फिरतोय. “पाणी मागच्या दाराने शिरतं, बाई.”

तोवर ताईची आंघोळ स्वयंपाकघरात, स्टुलावर. मी पाणी घालते, पाठ चोळते. अगदी आईची पाठ! नंतर दोघी पायरीवर, इथल्या रिवाजाप्रमाणे, कॉफीच्या बिया चघळत बसतो. बरं वाटतं.

३० जून
वार्निश कडक वाळलं. पाण्याचा थेंब वर मोत्यासारखा उभा राहतो. म्हटलं, ताई, तुझं सामान लाव की आत.

“राहू दे. पाहुण्याचं पिशवीतच बरं.”

बरं म्हटलं. नंतर कशातच लक्ष लागेना.

३ जुलै
मदर सुपिरिअरचं पत्र, माझ्या नावे. ‘तुमच्या बहिणीला, सिस्टर पर्पेतुआला, कायमचं घरी ठेवून घ्यायला तुम्ही जानेवारीतच होकार दिलात, त्याबद्दल आम्ही सगळ्या आभारी आहोत.’

मी? जानेवारीत? मला तर तिने अजून विचारलेलंसुद्धा नाही!

ती मागच्या अंगणात भाजीची कच्ची केळी सोलतेय. सुरी घेऊन शेजारी जाऊन बसते. विचारेल तीच.