हयात, मयत

२ फेब्रुवारी २००९, सोमवार

आले एकदाची रत्नागिरीत! मंडणगडहून पहाटेची एसटी पकडली, खिडकीची जागा मिळाली, आणि वाटभर मोहोराचा वास. बाबा स्टँडवर सोडायला आले होते. गाडी हलेपर्यंत एकच सांगत होते, की जेवणाची वेळ चुकवू नकोस.

ऑफिस माळनाक्याला, पहिल्या मजल्यावर. खाली सायकलचं दुकान. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही संस्था काम करते. मुलं मुंबईला, इकडे आईबाप एकटे. संस्थेची माणसं दर आठवड्याला घरी जातात, रक्तदाब बघतात, गोळ्या देतात. संस्थेचे प्रमुख आप्पा, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं, की कॉम्प्युटरपुढे आपण आंधळे आहोत आणि आता सगळं माझ्या हाती.

प्रत्येक माणसाचं एक कार्ड आहे : फोटो, आजार, गोळ्या. फोल्डर दोनच. हयात आणि मयत. हयातमध्ये आज तीनशे बारा जण. मी एकेक उघडून सगळ्यांचे चेहरे पाहिले. आता रोज यांच्याशीच गाठ.

४ फेब्रुवारी

संस्थेचं दुसरं केंद्र केळशीला. तिथे भागोजी म्हणून आहेत, पन्नाशीचे. पाठ गेली म्हणून होडी सोडली आणि केंद्र धरलं. ते दर आठवड्याला सीडी एसटीतून पाठवतात, म्हणजे आपली यादी कायम आठ दिवस शिळी. गोळ्या मेलेल्या माणसाच्या दारात आणि जिवंत माणूस वाट बघतोय, असंही झालंय म्हणे.

मी आप्पांना म्हटलं, एक प्रोग्रॅम टाकू. इथल्या फोल्डरमध्ये काही बदललं, की तिथे आपोआप बदलेल, आणि तिथलं इथे. दोन्ही मशीनवर लिनक्स आहे, ते बरंच झालं. पॅकेज उतरवलं तर ते एका जोड-प्रोग्रॅमवर, म्हणजे लायब्ररीवर, अडून बसलं. ती टाकली तर ती दुसरीवर. दोन तास टर्मिनलशी भांडले, पण सोडलं नाही. शेवटी वरच्या पट्टीत छोटं चिन्ह उमटलं. निळं गोल फिरलं की काम चालू, हिरवी खूण म्हणजे दोन्हीकडे सारखं.

मग केळशी, फोनवरून. एकेक अक्षर सांगायचं, भागोजी टाईप करणार. मधेच त्यांनी विचारलं, "बाय, ही आडवी काडी एक मारू का दोन?" दोन, म्हटलं. हसू आवरेना. पण झालं!

६ फेब्रुवारी

सुरेख चाललंय. भागोजी तिकडे कार्डावर रक्तदाब लिहितात आणि मिनिटाभरात तो माझ्यासमोर. आप्पांनी खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव आणला. बाबांचंही कार्ड केलं आज. आई गेल्यापासून तेही एकटेच, आता तर मीही इकडे. गंगाराम, वय सदुसष्ट, गिरणी कामगार. मंडणगडच्या आमच्या माणसाच्या यादीत घातलं. तीनशे तेरा.

११ फेब्रुवारी

आज वाईट झालं. दुपारी दोन चाळीसला निळं गोल फिरलं आणि राहीबाईंचं कार्ड हयातमधून मयतमध्ये गेलं. बदल केळशीहून. मी भागोजींना फोन केला. त्यांनी सांगितलं, की काहीतरी चुकतंय, आपण आत्ताच तिच्या अंगणातून आलो, ती तांदूळ निवडत बसलीय, आपल्याला थांब म्हणत होती. मी कार्ड तिथेच ठेवलं. म्हटलं, संध्याकाळी निवांत बघू.

साडेचारला त्यांचाच फोन. राहीबाई गेली. सूप मांडीवर तसंच.

मी विचारलं, दुपारी कॉम्प्युटरला कोणी हात लावला होता का. ते म्हणाले, कसा लावणार, दोन ते पाच तिकडे लोडशेडिंग असतं. मशीन बंदच होतं.

१२ फेब्रुवारी

आप्पा म्हणतात योगायोग. मीही तेच धरून चाललेय. दोन्ही घड्याळं तपासली, बरोबर आहेत. प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन आलं होतं, ते टाकलं. आता जोडलेल्या मशीनची यादी दिसते, व्हर्जनच्या आकड्यासकट. रत्नागिरी : ०.६.४. केळशी : ०.६.५.

भागोजींनी काहीच टाकलेलं नाही. आणि साइटवर ०.६.४ च्या पुढे काही नाहीच.

१६ फेब्रुवारी

सकाळी ०.६.५ आलं. लगेच टाकलं. केळशी : ०.६.६.

मी वर गेले की ते आणखी एक पायरी वर. मला राग आला, खरंच. माझ्याच मशीनमध्ये कोण मला खेळवतंय?

१७ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

दोन वाजून दहा. चिमाबाईंचं कार्ड मयतमध्ये. या खेपेला मी थांबले नाही. भागोजींना मोबाइल लावला. सुदैवाने ते शेजारच्याच घरात होते, धावत गेले. "बाय, ही बघ ना कशी करतेय! श्वासच घेत नाय!"

मी कार्ड धरलं आणि ओढून हयातमध्ये टाकलं. निळं गोल. हिरवी खूण.

"घेतलान! घेतलान गो श्वास!"

आणि कार्ड परत गेलं. फोनवर भागोजी ओरडले. मी परत आणलं. या प्रोग्रॅमचा नियम साधा आहे : ज्याचा हात शेवटचा, त्याचं खरं. मग म्हटलं, शेवटचा हात माझा. अकरा वेळा गेलं, अकरा वेळा आणलं. पाचच्या ठोक्याला तिकडे वीज आली आणि ओढणं थांबलं.

चिमाबाईंनी उठून चहा मागितला. साखर कमी पडली म्हणून भागोजींना बोलल्यासुद्धा.

मी टेबलावर डोकं टेकून रडले. मग हसले. जिंकले ना मी!

१८ फेब्रुवारी

आप्पांना सगळं सांगितलं. ते उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अगो, काढून टाक तो प्रोग्रॅम. आत्ता, माझ्यासमोर." मला पटलं नाही, पण त्यांच्याकडे बघून काढला. चिन्ह गेलं. दुपार शांत.

२० फेब्रुवारी

शांत कसली!

भागोजींचा फोन. परवा दुपारी एक म्हातारा गेला, काल दुपारी आणखी एक. दोन आणि पाचच्या मध्ये. माझ्या हयातमध्ये दोघेही तसेच, हसरे फोटो. मला दिसलं नाही एवढंच.

अकरा वाजता प्रोग्रॅम परत टाकला. जोडणी झाल्याबरोबर ती दोन कार्डं माझ्या डोळ्यांदेखत मयतमध्ये गेली. ओढून आणली. कार्डं आली. माणसं आली नाहीत. उशीर झाला की होत नाही.

म्हणजे बंद करणं हे फक्त डोळे मिटणं. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं, की मी आता हा काढणार नाही आणि कोणाला काढू देणार नाही. त्यांनी मान हलवली. दुपारी मी बसले. एकासाठी ओढाताण झाली. आणला.

२१ फेब्रुवारी

आप्पांच्या परवानगीने भागोजींनी केळशीचं मशीन उचललं, होडीत घातलं आणि खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात सोडलं. तिथूनच मला फोन केला. पाठीमागे लाटा ऐकू येत होत्या.

मी यादी पाहिली. केळशी : जोडलेलं. ०.६.८. हिरवी खूण.

भागोजींना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या मशीनचा दोष नव्हता, बाय. बिचारं उगाच बुडवलं."

२४ फेब्रुवारी

बाबा.

दोन वाजून दोन मिनिटं. गंगाराम, वय सदुसष्ट. मयत.

आणले. गेले. आणले. मोजणं सोडलं. मनगट सुजलंय. आप्पांनी मंडणगडच्या आमच्या माणसाला बाबांजवळ बसवलं आणि फोन माझ्या कानाशी धरून उभे राहिले, पूर्ण तीन तास, या वयात. पाचला बाबांचा आवाज आला. त्यांनी विचारलं, जेवलीस का.

एक कळलं आज. बाबांसाठी ओढाताण चालू होती तेव्हा बाकी एकही कार्ड हललं नाही. एकही नाही. त्याला एका वेळी एकच धरता येतं.

तो कोण, ते मला ठाऊक नाही. ठाऊक व्हायला नको. त्याचाही हात एकच आहे, एवढं पुरे.

२५ फेब्रुवारी

सकाळी हयातमध्ये एक नवं कार्ड. केळशीहून आलेलं. तेजल, वय सव्वीस. फोटोत मी याच खुर्चीत, आज घातलेल्या ड्रेसमध्ये. फोटो समोरून काढलेला. समोर फक्त स्क्रीन आहे.

दोनला गेलं. पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरत होता. तोंडात खारट पाणी. बोटं दिसत होती पण माझी वाटत नव्हती. तरी ओढलं. आवाज परत आला.

पाचपर्यंत असंच. बाकी सगळे सुखरूप.

आप्पा म्हणाले, घरी जा पोरी, मी बसतो. मी म्हटलं, मी उठले तर तो दुसरं कार्ड धरेल. माझं धरून बसलाय तोवर तीनशेवर माणसं निवांत चहा पितात. धरू दे.

२६ फेब्रुवारी

दोन वाजले. उजवा हात माउसवर, डाव्याने लिहितेय. अक्षर वाकडं.

गेलं. आणलं.

आप्पा समोर, यादी घेऊन गावोगाव फोन लावतायत. चिमाबाई बऱ्या. बाबा बरे. भागोजी घरोघर फिरतायत.

तीन वीस. केळशी : ०.७.० — आता वेगाने ओढतो. मीही.

खारट. पंखा नाही. आप्पांचे ओठ हलतात, ऐकू येत नाही. बोट वर केलं त्यांनी. म्हणजे सगळे हयात.

चार दहा. ओढ. ओढ किती ओढतोस — मी मंडणगडची आहे —

चार पस्तीस. फोटोतली मी आता डोळे मिटून. माझे उघडे आहेत. उघडेच ठेवणार.

गेलं. आणलं. गेलं —

चार बावन्न. हात दिसत नाही. माउस हलतोय, म्हणजे हात आहे. आप्पांनी परत बोट वर केलं. सगळे. सगळे आहेत.

आठ मिनिटं. एवढीच. ये —

गेलं. आण