एकसष्ट कलमी तपासणी

मंगळवार, ४ मार्च

आलाच हुकूम. शुक्रवारी सकाळी सहाला चाळीस बसगाड्या तयार ठेवा— पोलिसांना चौकात न्यायचंय. चौक रिकामा करणार. अकरा दिवस लोक तिथे ठाण मांडून बसलेत, सरकार जा म्हणून. त्यात आमची कन्याही! शाळेत भूगोल शिकवते, आता देशाला शिकवायला निघालीय.

आंघोळीला आणि जेवायला तेवढी घरी आली होती. "बाबा, तुमच्या सहीशिवाय डेपोतून एक गाडी हलत नाही." म्हटलं, अगं, मी गाड्यांचे ब्रेक बघणारा माणूस. सरकार बदलणारा मी कुठल्या झाडाचा पाला? तर म्हणे, सगळे हेच म्हणतात, म्हणून तर ते खुर्चीत टिकलेत. ताट अर्धं टाकून परत गेली. ही माझ्याकडे अशी बघतेय, जणू मीच पोरीला हाकललं.

बुधवार, ५ मार्च

संपाला बंदी आहे. संप केला की सहा महिने आत. म्हणजे विषय मिटला, असं मी म्हणालो. आमचा म्हातारा फिटर— सगळे त्याला नाना म्हणतात— नुसता हसला. कपाटामागून नियमपुस्तिका काढली आणि तिच्यावरची धूळ माझ्याच शर्टावर झटकली. गाडी बाहेर सोडण्याआधी तपासायच्या गोष्टी किती? एकसष्ट! वीस वर्षं मी ब्रेक, हॉर्न, दिवे बघतो आणि सही ठोकतो.

"साहेब, संप कोण करतंय? आपण नियम पाळतोय."

एकसष्ट कलमं म्हणजे एका गाडीला तासभर. त्यातलं एक जरी नापास झालं तरी गाडी आत.

डोकं आहे म्हाताऱ्याला. पण शहरात सहा डेपो आहेत. बाकीचे पाच गाड्या सोडणारच. आम्ही तेवढे नोकरीला मुकणार, आणि पोरगी मार खायची ती खाणारच.

गुरुवार, ६ मार्च

झोप नाही. हिला काही सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आजचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

सहाला फाटकाबाहेर पोलीस रांगेत उभे. मी पहिल्या गाडीखाली शिरलो. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलेली— नापास. दुसरीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला— नापास. तिसरीच्या प्रथमोपचार पेटीत कापसाऐवजी ड्रायव्हरची तंबाखू. नापास! सगळे ड्रायव्हर गंभीर चेहऱ्यानं उभे, एकानं तर तोंडात रुमाल कोंबलेला. साडेनऊ झाले. चार गाड्या तपासून झाल्या, चारही आत.

मग त्यांचा अधिकारी आला. आवाज अजिबात चढवला नाही. सतरा नंबरकडे बोट दाखवलं— "ही नवी दिसते. आता ही घ्या." मी तपासत होतो आणि तो माझ्या मागे मागे. मध्येच हळूच म्हणाला, "मुलगी चौकात असते ना तुमची? शिक्षिका. सांभाळा हं."

सतरा नंबरमध्ये काही दोष नव्हता. एकसष्टच्या एकसष्ट कलमं बरोबर. धडधाकट गाडी मी अडवणार कशी? नियमावर बोट ठेवायचं तर दोन्हीकडून ठेवायला हवं. सही केली. पन्नास पोलीस भरून ती गेली. नाना चिंध्यांनी हात पुसत राहिला, कितीतरी वेळ.

त्यानंतर तपासली ती प्रत्येक गाडी नापास केली, उरलेल्यांची पाळीच आली नाही. दुपारी कंटाळून ते निघून गेले.

एक गाडी. चाळिसातली एक. बाकीच्या पाच डेपोंतून दोनशे तरी गेल्या असतील, त्यात आमची एक ती काय.

शनिवार, ८ मार्च

फोन बंद. ती आलेली नाही.

सोमवार, १० मार्च

चौक अजून भरलेलाच आहे, दूधवाला सांगत होता. उलट गर्दी वाढलीय. वीजवाले, टपालवाले, कोर्टातले कारकून, जो तो नियम पाळायला लागलाय म्हणे! दोनशे गाड्या भरून पोलीस गेले, तरी चौक भरलेला कसा, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

आज चौकात जाऊन शोधलं. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी काहींना उचललं, त्यात असेल. हिला म्हटलं, गर्दीत दिसली नाही. ही पुन्हा पुन्हा गॅलरीत जाऊन रस्ता बघून येते.

बुधवार, १२ मार्च

सरकार गेलं! खरंच गेलं. दुपारी रेडिओवर सांगितलं.

डेपोत पोरांनी मला खांद्यावर घेतलं. "साहेबांनी एकोणचाळीस गाड्या रोखल्या!" म्हटलं, खाली ठेवा रे, कमरेत उसण भरेल. ओरडत होतो आणि रडत होतो. ब्रेक बघणाऱ्यांनी, पत्रं वाटणाऱ्यांनी केलं हे. आपल्यासारख्यांनी! मंगळवारी मी तिला काय काय बोललो होतो.

तुरुंग उघडताहेत. आम्ही दोघं आता तिकडेच निघालोय.

गुरुवार, १३ मार्च

आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, तीन बोटं मोडलेली.

सहा डेपोंतून त्या दिवशी चौकात एकच गाडी पोहोचली, असं ती म्हणाली. सतरा नंबर. पन्नास पोलीस, समोर हजारो माणसं. त्यांनी हाताला लागले ते वीस जण गाडीत कोंबले आणि पळ काढला. वाटेत गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा या सगळ्यांनी मिळून मागचं संकटकाळी उघडायचं दार ओढलं. उघडलं नाही. मग दारावरच्या त्या हातांवर काठ्या पडल्या.

आई तिला भरवत होती. घास गिळून तिनं विचारलं, "बाबा, ते दार तपासलं होतंत?"

तपासलं होतं, म्हणालो.

खोटं नाही बोललो. अठ्ठेचाळिसावं कलम. दोनदा ओढून पाहिलं होतं. उघडत नव्हतं.