बाबांच्या छातीवरची जागा

ती. बाबांना,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. शिवणाच्या कारखान्यात टेबलावर कोपर टेकलं की यंत्रांची घरघर अंगात भिनते, पण तुमच्या गाण्याची सर तिला नाही. आईचा गुडघा कसा आहे?

दादाने पाठवलेला फोटो पाहिला. तुम्ही गाताय आणि त्याची तान्ही तुमच्या छातीवर गाल टेकून झोपली आहे. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर तुम्ही मला तिथेच टेकवून गाणं शिकवलंत. चार महिन्यांच्या भाचीवर जळते आहे, लाज वाटते. पण तुमच्यापासून काही लपवता येत नाही.

तिला मांडीवरूनही ऐकू येईल, बाबा. ती जागा मी येईपर्यंत ठेवाल ना?

तुमची,
चिमणी