निळ्या शेवंतीचे कोंब

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र केव्हाच पोचलं, उत्तराला मात्र मी फार उशीर केला. भावजींचा खोकला गेला का? माझं ठीक चाललंय. म्हणजे, आता ठीक आहे.

आधी प्रयोगशाळेतली बातमी. आमच्या शेवंतीला कोंब फुटले! पांढऱ्या शेवंतीच्या पानाचे तुकडे करून त्यांत गोकर्णीच्या निळ्या रंगाचं जनुक घालायचं, असा हा खटाटोप. मातीतला एक जिवाणू ते जनुक पानात पोचवतो. मग तुकडे काचेच्या बशीत, औषध घातलेल्या खाद्यावर ठेवायचे. त्या औषधात तग धरायची ताकदही जनुकाबरोबरच जाते. जनुक गेलं नसेल तर तुकडा पिवळा पडून मरतो, गेलं असेल तर हिरवा राहतो. रंग फूल आल्यावरच कळेल, पण हिरवे कोंब बघून मी तिथेच उड्या मारल्या.

कारण त्याआधी कितीतरी दिवस माझ्या बशांना नुसती बुरशी येत होती. प्रयोगशाळेच्या मॅडमनी शेवटी विचारलंच, "तुझं लक्ष कुठे असतं गं?"

लक्ष जागेवर होतं, ताई. हात नव्हता. चिमटा थरथरायचा, बशीच्या काठाला लागायचा, की आलीच बुरशी.

बाबांचा कंपवात असाच सुरू झाला होता ना? आधी घड्याळं दुरुस्त करताना हातून स्क्रू पडायला लागले. मग शर्टाची बटणं लागेनात. पुढचं तुला माहीत आहे. मी कुणाला काही बोलले नाही, हात खिशात घालून हिंडत राहिले. एक दिवस मॅडमनीच मनगट धरलं. "डॉक्टरकडे चल, नाहीतर ओढत नेईन."

डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. "वडिलांचा आजार नाही हा. थायरॉईड वाढलंय, गोळ्यांनी आटोक्यात येईल."

मी ढसाढसा रडले.

"अहो, चांगली बातमी आहे!"

"म्हणूनच रडतेय," म्हटलं.

गोळ्यांनी हात हळूहळू ताळ्यावर आला. त्यानंतर कापलेल्या तुकड्यांचेच हे कोंब.

आता खरं सांगते. गेल्या वेळी आलीस तेव्हा तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होतास. मी पाहिलं आणि उगाच खिडकीबाहेर बघत बसले. विचारायची हिंमतच झाली नाही. डॉक्टर म्हणाले, हे एकाच घरात बऱ्याच जणांना असतं, बहिणीलाही तपासून घ्यायला सांगा. भावजींना बरोबर ने, पण जा. एकटी घाबरत बसू नकोस, मी बसून पाहिलंय.

तुझ्या रिपोर्टची वाट बघणारी,
तुझीच धाकटी