झोतातली गाठ

३ ऑक्टोबर

आडवी! गाठ आडवी सरकलीय! असं होऊच शकत नाही.

तारा सूर्याच्या वीसपट वजनाचा, अजून धुळीत गुरफटलेला. साध्या प्रकाशात तिथे नुसता काळोख. इन्फ्रारेडमध्येच काय तो दिसतो. त्याच्यातून एका बाजूला वायूचा झोत निघतो आणि त्या झोतात एक चमकदार गाठ. ती माझ्या गाइड मॅडमनी शोधली, तिच्यावरच त्यांचं नाव झालं. गाठ तेव्हापासून किती पुढे गेली ते मोजायचं — हाच माझा तीन वर्षं चाललेला प्रबंध. झोतातला वायू आडवा कसा जाईल?

४ ऑक्टोबर

पुन्हा मोजलं. आडवीच.

६ ऑक्टोबर

भलतीच शंका डोक्यात शिरलीय. तारा प्रखर असला की कॅमेऱ्याच्या भिंगांत त्याचं प्रतिबिंब उमटतं — हुबेहूब खऱ्या ठिपक्यासारखं. मॅडमचं जुनं चित्रही ह्याच कॅमेऱ्याचं. नको, नको!

दादाला फोनवर सांगितलं. "अगं, एक ठिपका खोटा निघाला तर काय आभाळ कोसळणार आहे?" दादा, तेच तर!

९ ऑक्टोबर

कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून पुन्हा चित्र घ्यायचं. गाठ खरी असेल तर शेजारच्या ताऱ्यांमध्ये होती तिथेच राहील. प्रतिबिंब असेल तर कॅमेऱ्याबरोबर फिरेल. दुर्बिणीवरच्या ऑपरेटरला तसं कळवलं. मॅडमना नुसतं "जरा तपासते" म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तपास." बस्स, एवढंच.

महिनाअखेर त्या निवृत्त होतायत. निरोपाचं भाषण कशावर? ह्याच गाठीवर!

१२ ऑक्टोबर

दुर्बिणीवर ढग. निरीक्षण रद्द. मला चक्क हायसं वाटलं — आणि मग स्वतःचीच लाज.

१४ ऑक्टोबर

चित्रं आली. फिरली. गाठ फिरली.

१५ ऑक्टोबर

मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत त्या कुणाशी तरी खळखळून हसत होत्या. कुठल्या तोंडाने सांगू? आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझे वर्ग ह्याच बाईंनी घेतले होते, एका शब्दाने न बोलता.

आईलाच विचारलं. म्हणाली, "ज्यांनी शिकवलं त्यांच्यापासूनच लपवणार? मग शिकलीस काय?"

झोप नाही.

१६ ऑक्टोबर

सांगितलं. म्हणजे, दोन्ही चित्रं पुढे ठेवली. मॅडमनी ती शेजारी-शेजारी लावून पाहिली. मग खुर्चीत मागे टेकल्या. "मला शंका होतीच गं. तपासायचा धीर झाला नाही. म्हणून तर हा तारा तुला दिला."

मी दहा दिवस झुरत होते — त्यांना कसं सांगू? आणि त्या तीन वर्षं माझी वाट बघत होत्या!